बिघडलेली कुरडई

श्रेयाचं लग्न जमलं आणि गोरखने एका दिवसात कार्यालय ठरवलं, आचारी ठरवला आणि घरी येऊन चपला काढता काढता सांगितलं, "रुखवत पण सांगून आलो. मंचरला, चेतनाबाईंच्या दुकानात. सकाळी आणून मांडत्यात, सांजच्याला उचलून न्हेत्यात. आपल्याला हात लावायचं काम न्हाई."

वृषाली भाकरी थापत होती. तिचा हात परातीतच थांबला. मुलीच्या रुखवताला आईने हात लावायचा नाही, ही सोय म्हणायची की शिक्षा, हे तिला पटकन ठरवता येईना.

"बंगला हाय त्यात," गोरख कौतुकाने सांगत होता. "थर्माकोलचा. आत लाइट लागत्यात. इमान हाय, सुपारीचे भटजी हायत, सप्तपदी हाय. समदं फिक्स."

हे रुखवत वृषालीला ठाऊक होतं. जुन्नर आणि आंबेगाव या दोन्ही तालुक्यांना ते ठाऊक होतं. वैशाख लागला की ते या कार्यालयातून त्या कार्यालयात असं हिंडत राही, आणि मुलीच्या घरच्यांनी आपल्या हातची कला म्हणून त्याच्याशेजारी उभं राहून फोटो काढून घ्यायचे. कुणी काही बोलत नसे, कारण उद्या तेच रुखवत त्यांच्याही दारात यायचं होतं.

आता वृषालीचं एक गुपित सांगायला हवं. तिच्या डोक्यात कल्पना येत. भांडी घासताना येत, कांदा काढताना येत, कधी कधी तर कुणाच्या दहाव्याला बसलेली असताना येत आणि तिला पदराआड तोंड लपवावं लागे. पण प्रत्येक कल्पनेच्या मागोमाग एक शंका येई, आणि ही शंका चपला बाहेर न काढता थेट माजघरात घुसे. कोण बघणार आहे? लोक हसतील. तू कोण लागून गेलीस? वृषाली शंकेला पाट देई आणि कल्पनेला हाकलून लावी. मागे एकदा तिने बियाण्याच्या कांद्याचे वाळलेले गोंडे ओवून दाराला तोरण केलं होतं. चंद्रासारखे गोल गोल पांढरे गोंडे, वारा आला की खुळखुळायचे. गोरख शेतातून परत यायच्या आत तिने ते उतरवून उकिरड्यावर टाकलं. नंतर कधीतरी श्रेयाने फोनवर कुठल्याशा शहरातल्या बाईचं हुबेहूब तसलंच तोरण दाखवलं. लाखो लोकांनी ते बघितलं होतं. "छान हाय की," वृषाली म्हणाली आणि उकिरड्याकडे बघत राहिली.

रुखवत ठरल्यानंतर लगेच कुरडयांचं काम निघालं. लग्नाच्या पंगतीला घरच्या कुरडया हव्यात, हा चिमाबाईंचा हट्ट. चिमाबाई म्हणजे वृषालीच्या सासूबाई. वृषाली त्यांना आत्या म्हणे. गव्हाचा चीक शिजला, गच्चीवर प्लॅस्टिकचा कागद अंथरला गेला आणि सासू-सुना सोऱ्या दाबत बसल्या. शेवटी कागद भरला आणि सोऱ्यात थोडा चीक उरला. वृषालीने शेजारी पालथ्या पडलेल्या टोपलीवर ओलं फडकं टाकलं आणि उरलेली कुरडई त्याच्यावरच घातली.

संध्याकाळी ती कुरडया उलटायला वर गेली, तेव्हा टोपलीवरची कुरडई वाळून टोपलीसारखीच खोलगट झाली होती. तिने ती अलगद सोडवून हातात घेतली. समोर उसाच्या पलीकडे गावच्या रेडिओ दुर्बिणीच्या त्या प्रचंड डिश उभ्या होत्या. खोडद गावच्या माणसाला त्यांचं काही वाटत नाही. जन्मल्यापासून त्या तिथेच आहेत असं समजून तो त्यांच्या पायथ्याशी टोमॅटो लावतो. वृषालीनेही कित्येक दिवसांत त्यांच्याकडे धड बघितलं नव्हतं. आणि नेमक्या त्याच वेळी त्या हलल्या. आवाज नाही, घाई नाही. एवढाल्या जाळीच्या परड्या, एकीने मान वळवली तशी दुसरीने वळवली, पार लांबच्या ठिपक्याएवढ्या दिसणारीनेही वळवली, आणि सगळ्या मिळून आभाळाच्या एकाच कोपऱ्याकडे बघू लागल्या.

वृषालीने हातातली कुरडई डोळ्यांसमोर धरली. तिच्या जाळीतून ती लांबची जाळी दिसली, आणि एकीत दुसरी नेमकी बसली. असं काही आपल्या गच्चीवर, आपल्या हातात होऊ शकतं, याचाच तिला अचंबा वाटला आणि ती कितीतरी वेळ तशीच उभी राहिली.

"वाकडी झाली का गं ती?" चिमाबाईंनी जिन्यातून विचारलं.

"व्हय आत्या. बिघडली."

"मग तळून टाक."

वृषालीने ती तळली नाही. दुसऱ्या दिवशी तिने टोपलीऐवजी घमेलं पालथं घातलं, त्याच्या पाठीला तेलाचा हात फिरवला आणि ताटाएवढी कुरडई घातली. ती सोडवताना फुटली. पुढची पण फुटली. फुटल्यावर वृषालीला आधी बरंच वाटलं. चला, सुटलो एकदाचं. पण बरं वाटणं जेवणाच्या वेळेपर्यंतच टिकलं, आणि दुपारी ती पुन्हा चीक शिजवायला बसली. शंका शेजारी बसून होतीच. वृषालीने पहिल्यांदाच तिच्याकडे दुर्लक्ष केलं, कारण चीक बुडाला लागत होता.

चिमाबाईंपासून गच्चीवरचं काही लपत नाही. त्या वर आल्या, पालथ्या घमेल्याकडे बघितलं, मग सुनेकडे. "ह्ये काय चाललंय?"

वृषालीने सांगून टाकलं. श्रेयाच्या रुखवताला आपल्या गावच्या दुर्बिणीच्या या छत्र्या मांडाव्यात. कुरडईच्या. खाली कडब्याच्या धाटांचे पाय, वर गवताची चुंबळ आणि तिच्यावर छत्री. सगळ्यांची तोंडं एकीकडे.

चिमाबाईंनी एकदा कुरडईकडे बघितलं, एकदा लांबच्या डिशकडे. "लोकं म्हणत्याल, चीक उरला व्हता."

"मलाबी त्येच वाटतं," वृषाली म्हणाली.

"आनि चीक अजून घट्ट शिजीव. पातळ पडतोय म्हणून फुटतीया."

घट्ट चिकाच्या छत्र्या फुटल्या नाहीत. सात-आठ चांगल्या निघाल्या. वृषालीने त्या पोटमाळ्यावर लपवल्या आणि धीर करून एक श्रेयाला दाखवली. श्रेयाने ती हातात घेऊन फिरवली. तिला ती आवडली; ते तिच्या तोंडावर दिसत होतं. पण मग तिचा चेहरा पडला.

"आई, भारी आहे गं. पण नको मांडू. सासूबाई प्रत्येक गोष्टीत खोट काढतात, असं हेच म्हणालेत. कुरडयांचं रुखवत बघून पहिल्याच दिवशी हसल्या, तर मला तिथंच राहायचंय ना."

"मी कुठं मांडतीये," वृषाली म्हणाली. "सहज केलं आपलं."

पण लग्नाच्या सकाळी त्या छत्र्या घरी ठेवून जायला तिचा जीव होईना. तिने एकेक छत्री जुन्या साडीच्या तुकड्यात गुंडाळून पत्र्याच्या मोठ्या डब्यात बसवली. चुंबळी आणि धाटांचे पाय गोणीत भरले. चुलतदीर भागू टेम्पोत सामान चढवत होता. त्याने डबा उचलला.

"वैनी, ह्यात काय हाय?"

रुखवत, हा शब्द वृषालीच्या जिभेवर आला होता. ओट्यावर भावकी बसली होती, गोरख उभा होता, शंका तर डब्याच्या झाकणावरच बसली होती.

"काय न्हाई. कुरडया."

भागू सांगितलेलं ऐकणारा माणूस. त्याने डबा पिठाच्या पोत्यांशेजारी, आचाऱ्याच्या सामानात ठेवला.

कार्यालयात भाड्याचं रुखवत थाटात मांडलं होतं. बंगल्यात लाइट लागले होते. बंगल्याच्या दारावर श्रेयाच्या आणि नवरदेवाच्या नावाची पट्टी चिकटवली होती, फक्त ती थोडी आखूड पडल्यामुळे खालच्या पट्टीवरचं मागच्या आठवड्यातल्या नवरीचं नाव कडेने डोकावत होतं. गोरखने तिथे गुलाबाचं फूल ठेवलं आणि कपाळ पुसलं.

मग नवरदेवाच्या आई, बयाबाई, रुखवत बघायला आल्या. मंचरच्या बाजारात बटाट्याच्या गोणीत हात घालून तळातला बटाटा वर काढणारी ही बाई. टेबलाच्या एका टोकापासून त्यांनी सुरुवात केली. भटजी बघितले. सप्तपदी बघितली. विमानापाशी थांबल्या, चष्मा लावला, वाकल्या.

"ह्याचा पायलट कुठंय?"

"असंल की आत," गोरख म्हणाला.

"न्हाई. आमच्या थोरल्याच्या लग्नात भावकीतल्या पोरानं त्यो चावला व्हता. मीच पोराच्या तोंडातून त्याचे पाय काढले."

हसावं की नाही हे मांडवाला कळेना. गोरख विमानाकडे असा बघू लागला, जणू पायलट आत्ता येईल. बयाबाई रागावल्या असत्या तर परवडलं असतं, पण त्या समजूतदारपणे म्हणाल्या, "ऱ्हाऊ द्या. समद्याच आयांच्या हातात कला असती असं न्हाई." आणि खुर्चीवर जाऊन बसल्या.

नवरीच्या खोलीपर्यंत हे वाक्य पोहोचायला काही वेळ लागत नाही. श्रेयाने मुंडावळ्या बांधलेल्या डोक्यानेच आईला दारात गाठलं.

"तुझ्या छत्र्या कुठं आहेत?"

"त्या आणि कशाला—"

"आई, तू त्या घरी ठेवून आली असशील हे मला खरं वाटत नाही. मांड त्या."

"तुझ्या सासूबाई हसल्या तर?"

"हसायचंच असेल तर आपल्या वस्तूला हसू देत," श्रेया म्हणाली. तिचे डोळे भरले होते. "तुझ्या हातात कला नाही म्हणे."

वृषाली टेम्पोकडे धावली. गोणी होती. डबा नव्हता. भागू टेम्पोच्या सावलीत बसून शेंगदाणे खात होता.

"कुरडयांचा ना? तो मघाशीच आचाऱ्याला दिला."

वृषालीने पैठणीचा ओचा हातात धरला आणि कार्यालयाच्या मागच्या अंगाला पळाली. नवरीची आई स्वयंपाकघराकडे पळतेय म्हटल्यावर मागून गोरख पळाला, काय झालं ते न कळून भागू पळाला, आणि मीठ कमी पडलं असेल अशा समजुतीने एक पाहुणा पळाला.

गेणभाऊ आचारी भट्टीपुढे उभा होता. जाडजूड, शांत माणूस. दोन तालुक्यांतल्या पंगती उठवून आता त्याला कशाचंच नवल वाटत नसे. पंगतीला पुरेल एवढ्या मोठ्या कढईत तेल तापलं होतं. पत्र्याचा डबा उघडा होता, साडीचे तुकडे बाजूला पडले होते, आणि एक छत्री त्याने दोन्ही हातांनी कढईच्या काठावर धरली होती.

"वैनी, बरं झालं आलात. ही कुरडई हाय का टोपली? म्हणलं मोठं लगीन, मोठी कुरडई." असं म्हणत त्याने ती सोडली.

छत्री तेलात गेली, बुडाली, दिसेनाशी झाली. आणि मग ती उमलायला लागली. आधी काठ पांढरा झाला आणि लाटेसारखा वर आला. मग एकेक तार फुगत, वळत, दुसरीला बाजूला सारत निघाली, आणि सगळी जाळी आतून श्वास घेतल्यासारखी पसरत गेली. ताटाएवढी होती ती परातीएवढी झाली. परातीएवढी झाली तरी थांबेना. कढईच्या गोल पोटाने तिला सगळीकडून धरलं आणि तिचा खोलगट आकार होता त्याहून देखणा झाला. तेलाच्या बुडबुड्यांतून ती पांढरीशुभ्र, हलकी, अवाढव्य होऊन वर आली आणि तरंगत राहिली.

पुऱ्या लाटणाऱ्या बायकांची लाटणी थांबली. गेणभाऊने झारा खाली ठेवला. तापलेल्या तेलापुढे त्याने झारा खाली ठेवलेला आजवर कुणी बघितला नव्हता. "आयला," तो हळू आवाजात म्हणाला, देवळात बोलतात तसा. "ही तर आपल्या खोडदची डिश."

वृषाली कढईत बघत होती. त्या संध्याकाळी गच्चीवर तिच्या मनात जे आलं होतं, ते हे होतं. एवढं मोठं, एवढं पांढरं. वाळलेल्या, पिवळसर कुरडईत ते कधी पुरतं मावलंच नव्हतं, आणि ती मात्र आपल्याच कल्पनेला लहान समजून डब्यात कोंबत होती.

गेणभाऊने दोन झाऱ्यांवर तोलून छत्री बाहेर काढली आणि निथळायला ठेवली. मग डब्याकडे बघून विचारलं, "बाकीच्यांचं काय करू? वाळलेल्या ऱ्हातील तर टिकतील. तळताना एखादी मोडंल बी."

शंका धापा टाकत येऊन पोहोचली होती. मोडतील, तेलकट होतील, अर्ध्या पांढऱ्या अर्ध्या पिवळ्या दिसतील, नाहीतर आहेत तशाच मांडाव्यात. वृषालीने तिचं सगळं ऐकून घेतलं.

"तळा," ती म्हणाली. "समद्या."

"मोडली तर?"

"मोडली तर मोडली."

एक मोडली. ती स्वयंपाकघराने तिथल्या तिथे वाटून खाल्ली. बाकीच्या परातींतून मिरवत मांडवात आल्या. गोरखने बंगला आणि विमान उचलून टेबलाखाली सरकवलं. बंगल्यात लाइट लागलेलेच राहिले, त्यामुळे टेबलक्लॉथखालून उजेड येऊ लागला आणि तो अगदी मुद्दाम केल्यासारखा दिसला. भागूने धाटांचे पाय रोवले. चुंबळींवर छत्र्या बसल्या. चिमाबाई मधोमध खुर्ची टाकून हुकूम सोडत होत्या: "ती कडेची भलतीकडंच बघतीया. वळीव तिला."

कडेची वळली, आणि सगळ्या छत्र्या मिळून एकाच दिशेला वर बघू लागल्या. मांडवातला आवाज हळूहळू उतरत गेला. अक्षता वाटणारे थांबले. बँडवाल्यांपैकी एकजण वाजवता वाजवता बघायला आला आणि वाजवायचं विसरला. खोडदची माणसं तर सगळ्यात गप्प होती. रोज दारातून दिसणारी गोष्ट त्यांना पहिल्यांदाच दिसत होती.

बयाबाई उठून आल्या. त्यांनी चष्मा लावला. या टोकापासून त्या टोकापर्यंत गेल्या, परत आल्या. श्रेया खोलीच्या दारात येऊन उभी राहिली होती.

"काय करत्यात वो ह्या?" बयाबाईंनी विचारलं.

"ऐकत्यात," वृषाली म्हणाली. "लई लांबचं. आपुन कुनी नव्हतो, तव्हा आभाळातून निघालेलं आत्ता येऊन पोचतं म्हणं. त्ये झेलत्यात."

बयाबाईंनी मान वर केली. त्यांच्याबरोबर सगळ्या मांडवाने मान वर केली. वर कार्यालयाचे पंखे फिरत होते, पण त्या क्षणी पंखे कुणालाच दिसले नाहीत.

मग बयाबाईंनी हात पुढे केला, जवळच्या छत्रीचा काठ चिमटीत धरला, कट्कन तुकडा मोडला आणि तोंडात टाकला. वृषालीने डोळे मिटले. बयाबाई सावकाश चावत राहिल्या.

"मीठ बरूबर हाय," त्या म्हणाल्या. आणि थोडं थांबून, "ईनबाई, ह्ये तुमी केलं?"

वृषालीला सवयीने म्हणायचं होतं, काय न्हाई, सहज आपलं. "व्हय," ती म्हणाली. "मीच केलं."

नवरदेवाच्या आईनेच मोडल्यावर बाकीच्यांना कोण अडवणार? पंगती उठेपर्यंत जुन्नर तालुक्यातलं सर्वांत देखणं रुखवत लोकांनी फस्त केलं. टेबलावर चुंबळी उरल्या. एकच छत्री वाचली, ती बयाबाईंनी निघताना गाडीत मांडीवर घेतली, पदराने झाकली आणि मंचरपर्यंत नवरदेवालाही हात लावू दिला नाही, असं श्रेयाने नंतर फोनवर सांगितलं. सांगताना ती इतकी हसत होती की वृषालीला अर्धं कळलंच नाही.

सांजच्याला चेतनाबाई बंगला उचलायला आल्या. तोवर बातमी त्यांच्यापर्यंत गेलीच होती. "वैनी, तसल्या छत्र्या मला करून द्याल का? दुकानात ठेवते. सीझनभर भाड्यानं फिरतील."

"त्या लोकांनी खाल्ल्या," गोरख म्हणाला.

"अख्खं रुखवत?"

"अख्खं."

चेतनाबाईंनी बिनपायलटच्या विमानाकडे बघितलं आणि ते मुकाट्याने टेम्पोत ठेवलं.

इकडे भागू आपला टेम्पो भरत होता. पत्र्याचा रिकामा डबा त्याने उचलला. "वैनी, ह्यात काय हाय?"

"रुखवत," वृषाली म्हणाली.

भागूने डबा हलवून बघितला. "हलका लागतोय."

"लागू दे. नीट ठेव."

खोडदच्या रस्त्याला लागल्यावर दिवस मावळत होता. उसाच्या वर त्या डिश काळ्याभोर उभ्या होत्या, आणि टेम्पो जवळून जाताना त्यांनी सावकाश माना वळवल्या. भागूने कुणी न सांगता गाडी हळू केली. वृषालीला पोटात कुठेतरी लेकीची आठवण टोचत होती, आणि त्याच्या अगदी शेजारी कांद्याच्या गोंड्यांचं काहीतरी सुचू लागलं होतं.

चिमाबाईंनी पदर सारखा केला आणि दुर्बिणीकडे बघत म्हणाल्या, "मी पयल्याच दिशी म्हणलं व्हतं, तळून टाक म्हणून."

"व्हय आत्या," वृषाली म्हणाली. "तव्हाच ऐकाया पाहिजे व्हतं."